कट मारून ठोकलं, आता पुढं काय? अपघातानंतरची कायदेशीर वाट, पायरी पायरीनं

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. वारज्याच्या पुलाजवळ सर्व्हिस रोडला मी ॲक्टिवावर, मागे एक मोठी एसयूव्ही, सारखा हॉर्न आणि डिपर. बाजूला जायला जागाच नव्हती, पुढे टेम्पो. टेम्पो वळला तसा हा पठ्ठ्या उजवीकडून पुढे आला आणि माझ्या समोर येऊन खाडकन ब्रेक दाबला, "दाखवतो तुला" टाइप. मी त्याच्या मागच्या बंपरवर आणि तिथून रस्त्यावर. डाव्या मनगटात प्लेट बसली. तो खाली उतरला, आधी शिव्या, मग माणसं जमल्यावर आवाज एकदम मऊ, "ताई, मिटवून टाका ना, दहा हजार देतो."

त्या दिवसापासून पोलीस स्टेशन, इन्शुरन्स आणि शिवाजीनगर कोर्टाच्या इतक्या फेऱ्या झाल्या की आता ओळखीतल्या कुणाचा अपघात झाला की फोन मलाच येतो. प्रत्येकाला तेच सांगते म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी वकील नाहीये, तुमची केस वेगळी असू शकते, पण ज्यांच्यावर पहिल्यांदाच ही वेळ आलीये त्यांना निदान कुठल्या खिडकीवर काय मागायचं ते कळेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मला ती कळायला दोन महिने गेले. या तीन वेगवेगळ्या फायली आहेत. पहिली पोलीस केस, म्हणजे त्या ड्रायव्हरला शिक्षा. दुसरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला दावा, म्हणजे तुमची नुकसानभरपाई, याला सगळे एमएसीटी म्हणतात. तिसरी तुमच्या गाडीचा इन्शुरन्स क्लेम. एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. एफआयआर झाली म्हणजे आता पैसे मिळतील असं मी समजून बसले होते. तसं नसतं.

## १. जागेवर: पहिला अर्धा तास

लागलं असेल तर बाकी सगळं सोडा, १०८ ला फोन करा. पोलिसांसाठी ११२. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ पण चालतो.

शुद्धीवर असाल आणि हात चालत असेल तर, किंवा सोबत कुणी असेल तर त्याला सांगून, एवढं करून घ्या:

- समोरच्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो. आधी नंबर, मग बाकी सगळं.
- गाड्या हलवायच्या आधी दोन्ही गाड्या एका फोटोत येतील असा लांबून फोटो, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, काचा कुठे पडल्यात ते.
- ड्रायव्हरचा चेहरा. नंतर दुसराच माणूस "मी चालवत होतो" म्हणून उभा राहतो, आणि हे खरंच होतं.
- थांबलेल्या एक-दोन जणांचे फोन नंबर.

साक्षीदार नंबर द्यायला घाबरतात, कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. मला उचलून रिक्षात बसवणारा मुलगा पण "माझं नाव नका सांगू" म्हणत होता. त्याला सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही आणि इच्छा नसेल तर त्याला नावही सांगावं लागत नाही. हे ऐकल्यावर गंमत बघा, बरेच जण उलट नंबर देतात.

भांडू नका. मी भांडले, आणि नंतर त्यानं "मॅडमनीच शिवीगाळ केली" असा अर्ज दिला. तुम्ही गप्प राहिलात तर त्याच्याकडे अर्ज द्यायला मुद्दाच नसतो.

सापळा: जागेवर पैसे घेऊन "आपसात मिटलं, तक्रार नाही" असं कागदावर लिहून देणं. एक्सरे होईपर्यंत तुम्हाला नक्की काय झालंय हेच माहीत नसतं. मला पण वाटलं होतं नुसता मुका मार आहे. दहा हजारात माझी भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी पण नीट निघाली नसती. गाडीला नुसता ओरखडा असेल तर मिटवा की, काय हरकत आहे, पण शरीराला लागलं असेल तर डॉक्टरनी बघेपर्यंत काहीही सही करायची नाही.

## २. दवाखाना आणि एमएलसी

दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच की रोड ॲक्सिडेंट आहे, एमएलसी करा. एमएलसी म्हणजे मेडिको लीगल केसची नोंद, ती दवाखान्यातून पोलिसांना कळवली जाते. काही छोटे दवाखाने टाळतात, "कशाला पोलिसांची भानगड, घरात पडले म्हणून लिहितो" असं अगदी प्रेमानं सुचवतात. अजिबात ऐकू नका. केस पेपरवर "घरात पडून दुखापत" असं एकदा आलं की दोन वर्षांनी समोरचा वकील तो कागद जजसमोर धरणार.

कशामुळे लागलं हे केस पेपरवर नीट लिहून घ्या, आणि कुठल्या प्रकारच्या गाडीमुळे, किती वाजता, कुठे हे पण. "स्लिप होऊन पडल्या" एवढंच लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा.

पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत उपचार. माझ्या वेळी नव्हती ही. भरती होताना काउंटरवर विचारा, स्वतःहून कुणी सांगेलच असं नाही.

मेडिक्लेम असेल तर तो पण वापरा, आणि ओरिजिनल बिलं टीपीएकडे (मेडिक्लेम कंपनीच्या वतीनं बिलं तपासणारी एजन्सी) जायच्या आधी सगळ्याचे शिक्क्यासकट कॉपी सेट करून घ्या. बरेच जण म्हणतात मेडिक्लेमनं पैसे दिले म्हणजे दाव्यात ते कापतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम नुकसानभरपाईतून वजा करता येणार नाही, कारण त्याचे हप्ते तुम्ही भरलेत. वकिलाला हे माहीत असतंच, पण तुम्हाला पण माहीत असू दे.

## ३. पोलीस स्टेशन: काय लिहायचं आणि काय नाही

या पायरीवर थोडी रेंगाळते कारण पुढचं सगळं इथल्या कागदावर उभं राहतं.

माझ्या पहिल्या जबाबात काय होतं माहितीये? "सदर इसमाने भरधाव वेगात येऊन माझ्या गाडीस धडक दिली." साफ चुकीचं! मी त्याच्या मागे आदळले होते. ठाणे अंमलदारांनी नेहमीचं ठरलेलं वाक्य टाकलं, मी दुखण्यात होते, न वाचता सही केली. मग पंचनाम्यात आणि फोटोत दिसतंय माझं पुढचं चाक वाकलेलं आणि त्याचा मागचा बंपर चेपलेला. म्हणजे कागद वाचणाऱ्याला वाटणार की बाईनंच मागून ठोकलं आणि वर खोटं बोलतीये. हे निस्तरायला पुरवणी जबाब द्यावा लागला.

त्यामुळे माझा एकच हट्ट आहे, तो माणूस कसा होता ते लिहू नका, त्याच्या गाडीनं काय केलं ते लिहा. "माजोरडा, बेफाम, मला मारायलाच आला होता" याला कागदावर फारशी किंमत नाही. असं लिहा:

- किती अंतरापासून आणि किती वेळ मागे चिकटून होता, हॉर्न, डिपर
- कुठल्या बाजूनं ओव्हरटेक केलं
- समोर किती फुटांवर येऊन ब्रेक दाबला
- पुढे रस्ता मोकळा होता का, म्हणजे ब्रेक दाबायला काही कारण होतं का
- तुमचा अंदाजे स्पीड, हेल्मेट होतं का
- थांबल्यावर काय म्हणाला, शक्यतो त्याच्याच शब्दात

"पुढे रस्ता मोकळा होता" या एका ओळीनं माझी केस सरळ झाली. नाहीतर मागून ठोकणाऱ्याची चूक असंच सगळे धरून चालतात.

आणि "जाणूनबुजून जीव घ्यायला आला" असं रागाच्या भरात लिहिताना दोनदा विचार करा. खरंच तसं असेल, म्हणजे वळून परत अंगावर घातली वगैरे, तर जरूर लिहा, कलमं वेगळी लागतील. पण नुसताच राग असेल तर पुढे इन्शुरन्स कंपनी फाटा फोडते की हा अपघात नाहीच, मुद्दाम केलेला गुन्हा आहे, आमची पॉलिसी कशाला पैसे देईल. कोर्ट ते मानेलच असं नाही, पण तारखा वाढतात. एमएसीटीत हलगर्जीपणा शाबित झाला तरी पुरतं.

एफआयआर घेत नसतील तर. "मेडिकल येऊ द्या मग बघू", "ही आमची हद्द नाही", "एनसी करून देतो" ही तीन उत्तरं ठरलेली. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, बेदरकार ड्रायव्हिंग हा दखलपात्र गुन्हा आहे त्यामुळे एनसीवर घरी येऊ नका. हद्दीचं म्हणाल तर चांदणी चौकाच्या पुढे पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड अशी दोन आयुक्तालयं, माणूस मधल्यामध्ये लटकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायचीच आहे, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन पण देता येते, फक्त ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तरीही नाही म्हणाले तर लेखी अर्ज एसपी किंवा शहरात डीसीपींना, पोस्टानं पाठवला तरी चालतो, आणि त्यानंही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे. मला शेवटपर्यंत जावं लागलं नाही, लेखी अर्जाची पोच दाखवली तशी हालचाल झाली.

एफआयआरची कॉपी तुम्हाला फुकट मिळायला पाहिजे, झेरॉक्सचे पैसे सुद्धा नाहीत. राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर पण टाकतात, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून शोधा.

उशीर करू नका, कारण समोरचा पण तक्रार देऊ शकतो आणि आधी कुणाचा कागद लागला याला नाही म्हटलं तरी वजन येतं.

## ४. कलमं कुठली लागतात

१ जुलै २०२४ नंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहिता, आधीच्याला जुनं आयपीसी. थोडक्यात:

- कलम २८१: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात कुणाला लागलंच पाहिजे असं नाही.
- कलम १२५: दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. साधी दुखापत झाली तर ६ महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत. हाड मोडलं म्हणजे गंभीर, हे एफआयआरच्या वेळी एक्सरे आला नसेल तर नंतर वाढवून घ्यायला लागतं, मागे लागा.
- कलम १०६(१): निष्काळजीपणानं मृत्यू, ५ वर्षांपर्यंत.
- मोटार वाहन कायदा कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंग, १८५ दारू पिऊन, १३४ अपघातानंतर मदत न करणं आणि पोलिसांना न कळवणं.

अपघातानंतर पळून गेल्यास १० वर्षं अशी जी बातमी तुम्ही ऐकली असेल, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते कलम १०६(२). बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवलं.

उतरून मारहाण केली, काच फोडली, वाट अडवली, धमकी दिली तर ते अपघाताच्या पलीकडचे गुन्हे आहेत, त्यांची कलमं वेगळी, ते त्याच फिर्यादीत वेगळ्या वाक्यात स्पष्ट सांगा. त्याच्या ठोशानं दात पडला तर तो एमएसीटीत येत नाही.

दारूचा वास आला असेल तर जबाबात लिहा आणि रक्ततपासणीची मागणी त्याच वेळी लेखी करा. मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं प्रकरण आठवा, दोन जीव गेले आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तास उलटले की रक्तात काही सापडत नाही. चालवणारा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे.

मनाची तयारी ठेवा, २८१ आणि १२५ जामीनपात्र आहेत. तो संध्याकाळी घरी असणार. मला फार चीड आली होती, पण जामीन म्हणजे सुटका नाही. केस चालू राहते.

लायसन्स सस्पेंड करण्यासाठी आरटीओला वेगळा अर्ज देता येतो, एफआयआर जोडून. फार कमी लोक देतात. मी दिला.

## ५. पुरावे पळून जायच्या आत पकडा

सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग पुसून नवीन चढतं, काही ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत. कॅमेऱ्याचा मालक तुम्हाला फुटेज देईलच असं नाही, पण जपून ठेव अशी विनंती लगेच करा, कॅमेरा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माझ्या नवऱ्यानं तिसऱ्या दिवशी टायरच्या दुकानातल्या भाऊंना चहा पाजून हे काम केलं. मी बरी होऊन स्वतः गेले असते तर हाती काही लागलं नसतं.

डॅशकॅम किंवा मोबाइल व्हिडिओ असेल तर ओरिजिनल फाइल, ओरिजिनल कार्ड, तसंच्या तसं ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरवलेली कॉपी नाही. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट द्यावं लागतं, वकील बनवून देतात, पण त्यासाठी मूळ फाइल पाहिजे.

आपल्या बाजूनं व्हिडिओ इन्स्टावर टाकून त्या माणसाला शिव्या घालायचा मोह होतो. टाकू नका, निदान चार्जशीट होईपर्यंत तरी.

## ६. तुमच्या गाडीचा क्लेम

तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान पण भरणारी असेल तर लगेच कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत रिपेअर सुरू करू नका. पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली असेल तर पंचनामा आणि आरटीओचं इन्स्पेक्शन झाल्यावर सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा गाडी हजर करेन असं लिहून देऊन, सोडवून घ्यायची. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो, छोट्या खर्चाला हिशोब करूनच घ्या.

नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी पॉलिसी असेल तर तुमच्या कंपनीकडून गाडीचे पैसे नाहीत. मग समोरच्याच्या थर्ड पार्टीतून मागायचे, चारचाकीच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत १ लाखापर्यंत कव्हर असतं, आणि ती मागणी एमएसीटीतच करता येते.

गाडीमालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर पॉलिसीत आहे का ते बघा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर कामाला येतं. घरच्यांना हे माहीतच नसतं.

तुमच्याच कंपनीनं क्लेम अडवला तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन, कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही.

## ७. एमएसीटीचा दावा

इथे पैसे मिळतात. आणि इथेच लोक मुदत घालवतात.

मुदत: अपघातापासून ६ महिने. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३), १ एप्रिल २०२२ पासून. आधी मुदतच नव्हती, त्यामुळे जुने जाणते लोक "काही घाई नाही, चार वर्षांनी पण टाकता येतो" असं अजून सांगतात. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

कुठे टाकायचा? जिथे अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता वा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. अपघात नागपूरला आणि तुम्ही सांगलीचे तर सांगलीत टाका, नागपूरला खेटे घालायची गरज नाही.

कुणाविरुद्ध? गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि इन्शुरन्स कंपनी. मालक म्हणजे आरसी बुकावर नाव असलेला. "गाडी मी विकलीये, नावावर करायची राहिलीये" हे त्याचं दुखणं, तुमचं नाही. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तर कंपनी लगेच हात वर करते, पण अशा बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

पोलिसांचं पण यात काम आहे: ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा अहवालच दावा म्हणून धरता येतो असं कायदा म्हणतो. पण मी तरी त्यावर विसंबले नाही, स्वतःचा अर्ज स्वतः टाकला. तपास अधिकाऱ्यांकडून अहवालाची कॉपी मात्र मागून घ्या, समोरच्या गाडीची पॉलिसी आणि लायसन्स त्यातूनच मिळतं.

आता सगळ्यात मोठा सापळा. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता ठरलेली रक्कम मिळते, मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. कंपनीचा माणूस घरी येतो, गोड बोलतो, "लगेच मिळतील, कोर्टात दहा वर्षं जातील." पण हे पैसे स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. ज्याची दुखापत गंभीर असली तरी पूर्ण बरी होणारी आहे त्याच्यासाठी अडीच लाख वाईट नाहीत. पण घरातला कमावता माणूस गेला असेल तर ५ लाखांवर सही करायच्या आधी खालचा हिशोब मांडून बघा.

## ८. आकडा कसा निघतो

कायमचं अपंगत्व आलं असेल तर ढोबळ सूत्र असं: वर्षाची कमाई × वयाचा गुणक × कमाईची क्षमता किती टक्के गेली.

गुणक सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरवून दिलेत. २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, पुढे उतरत जातात.

समजा वय ३४, महिना ३०,००० आणि १० टक्के. ३,६०,००० × १६ × १० टक्के = ५,७६,०००. यावर दवाखान्याची बिलं, पुढचे उपचार, बुडालेला पगार, सोबत ठेवलेल्या माणसाचा खर्च, रिक्षा-टॅक्सी, वेदनांसाठीची रक्कम आणि अर्ज टाकल्यापासूनचं व्याज वेगळं.

टक्क्यांत मेख आहे. सर्टिफिकेटवर हाताचं अपंगत्व २० टक्के असलं तरी तेवढीच कमाई गेली असं नाही. सुताराचा उजवा हात आणि शिक्षिकेचा उजवा हात, एकच दुखापत, पण आकडा वेगळा येणार. तुमच्या कामात तो हात नक्की कुठे लागतो हे सांगता आलं पाहिजे, मालकाचं किंवा ऑफिसचं पत्र असेल तर उत्तम.

मृत्यूच्या केसमध्ये हिशोब थोडा वेगळा. टक्क्यांचा प्रश्न नाही, पण माणसाचा स्वतःचा खर्च वजा होतो आणि पुढे वाढली असती ती कमाई मिळवली जाते. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेला आणि चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के, पक्की नोकरी असेल तर ५० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलंय.

हेल्मेट नव्हतं, राँग साइडनं होतात, ट्रिपल सीट होतात, तर तुमच्या चुकीचा वाटा काढून रक्कम कापली जाऊ शकते. लपवू नका, वकिलाला पहिल्या भेटीत सांगा.

आणि फौजदारी कोर्टात तो निर्दोष सुटला म्हणून तुमचा दावा बुडत नाही. तिकडे संशयापलीकडे शाबित करावं लागतं, इकडे जास्त शक्यता कशाची एवढंच बघतात.

## ९. ठोकून पळाला, नंबरच नाही

एफआयआर तरीही करा, अज्ञात वाहन म्हणून. कलम १६१ खालच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात, जिथे अपघात झाला तिथल्या. पुढे गाडी सापडली आणि एमएसीटीतून मिळाले तर हे त्यातून वळते होतात.

अर्धा नंबर जरी आठवत असेल, रंग, मॉडेल, मागच्या काचेवर लिहिलेलं काही, सगळं सांगा. आपल्याकडे गाडीच्या मागे देवाचं, गावाचं, मुलांचं नाव असतंच की.

## १०. वकील कसा बघायचा

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये कार्ड देणाऱ्या माणसापासून लांब राहा. "आधी काही नको, मिळतील त्यातले तीस टक्के" हा सौदा वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानं करताच येत नाही, सर्रास होतो ती गोष्ट वेगळी. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही नाही.

महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट नाही! मला हे वकिलाची फी देऊन झाल्यावर कळलं.

लोकअदालतीत तडजोड होते, पटकन होते, पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. आपला किमान आकडा घरूनच ठरवून जा. मला कंपनीनं पहिल्यांदा दिलेली ऑफर माझ्या बिलांपेक्षा कमी होती, मी नमस्कार करून बाहेर आले.

## कागदांची फाइल

एकच जाड फाइल करा आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलमध्ये स्कॅन:

- एफआयआर, जबाब, घटनास्थळ पंचनामा, पोलिसांचे अपघात अहवाल
- एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे आणि त्याचे रिपोर्ट, औषधांची बिलं प्रिस्क्रिप्शनसकट
- अपंगत्वाचं सर्टिफिकेट, सरकारी रुग्णालयातलं असेल तर वाद कमी
- समोरच्या गाडीची आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स
- तुमची आरसी, पॉलिसी, लायसन्स, पीयूसी
- पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आयटीआर, बँक स्टेटमेंट, आणि बुडालेल्या रजांचं ऑफिसचं पत्र
- वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. आधार जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलंय
- मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, वारसांचे कागद

रोख धंदा असलेल्यांना उत्पन्न दाखवताना सगळ्यात जास्त त्रास होतो. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले दादा. जे काही असेल ते जोडा, परमिट, बचत गटाचं पासबुक, यूपीआयचं स्टेटमेंट, कर्जाचे हप्ते.

माझा दावा अजून चालू आहे. तारीख विचारायला पहिले सहा महिने मी प्रत्येक वेळी वकिलांना फोन करत होते, ते कधी उचलायचे कधी नाही. मग कळलं की केस दाखल झाली की एक सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं मोबाइलवर दिसतं. दाव्याच्या पहिल्याच दिवशी वकिलांकडून तो नंबर लिहून घ्या.